माळ्यावरचा फिल्टर

2025 च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रस्त्यावर घराघरांत पाण्याखेरीज दुसरा विषय नव्हता. नांदेड, किरकटवाडी, धायरी या बाजूला गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, म्हणजे लवकरच सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या जीबीएसचे, रुग्ण एकामागून एक सापडत होते आणि पुढच्या काही आठवड्यांत पुणे परिसरातली ही संख्या दोनशेच्या वर गेली. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासलेल्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, नोरोव्हायरस हा विषाणूही सापडला, आणि पाणी उकळूनच प्यावे अशी सूचना सर्वत्र फिरू लागली. त्या दिवसांतल्या एका संध्याकाळी मी माळ्यावरून ट्रेकची सॅक खाली काढली आणि तिच्या वरच्या कप्प्यातला, पिशवी पिळून पाणी गाळायचा छोटा फिल्टर ओट्यावर आणून ठेवला. सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

“अगं, हे तुझं गडावरचं ना? मग आता ह्यातूनच गाळून प्यायलं तर नाही का चालणार?”

“नको, आई. आपल्याकडे गॅस आहे, आपण उकळूनच पिऊ.”

“मग डोंगरात इतकी वर्षं ह्याच्यावर कशी विसंबलीस?”

त्यांनी अगदी सहज विचारले होते, पण त्याचे उत्तर ओट्यापाशी उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हते. ट्रेकला नेण्यासाठी कोणता फिल्टर घ्यावा, असे आमच्या ग्रुपमधली नवी मुले-मुली मला दर वर्षी विचारतात आणि त्यांनाही मी एका वाक्यात उत्तर देऊ शकत नाही. फिल्टर किती हलका, किती टिकाऊ, कितीला मिळतो, एवढे सगळे विचारून होते. आपण कुठले पाणी पिणार आहोत, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

मी माझा पहिला फिल्टर घेतला त्याला आता बारा-तेरा वर्षे झाली असतील. त्याआधी आम्ही सगळेच गडावरच्या टाक्याचे पाणी ओंजळीने पीत होतो आणि त्याच्या गारव्याचे कौतुक करत होतो. बरोबरच्या दोघा-तिघांना एका ट्रेकनंतर जुलाब झाले, तेव्हा मी परदेशातून येणाऱ्या एका मैत्रिणीला फिल्टर आणायला सांगितला. सुमारे ऐंशी ग्रॅम वजन, मुठीत मावणारी नळी, आत पोकळ तंतूंचा जुडगा आणि वेष्टनावर 0.1 मायक्रॉन हा ठळक आकडा. निवड करताना मी जे जे वाचले होते, ते बहुतेक अमेरिकेतल्या डोंगरवाटांवर चालणाऱ्यांनी लिहिलेले होते आणि त्या सगळ्यांचे एकमत होते, की रानातल्या झऱ्याला एवढा फिल्टर पुरतो. त्यांच्या झऱ्यांपुरते ते बरोबरही होते.

त्या डिसेंबरात आम्ही राजगड-तोरणा केला. गुंजवण्यातून चोरदरवाजाने चढून पद्मावती माचीवर मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीच्या अळू दरवाजाने उतरून, धारेवरून चालत तोरण्याच्या बुधला माचीवर, असा तो नेहमीचा बेत होता. मधल्या धारेवर पाण्याची खात्री नसते, म्हणून निघण्यापूर्वी राजगडावरच मी चार लिटर पाणी गाळून घेतले. शनिवारची रात्र होऊन गेली होती. गडावर दोनशेच्या आसपास माणसे मुक्कामाला असतील. पहाटे अंधारात टॉर्चचे उजेड, प्रत्येकाच्या हातात एक बाटली, असे माचीच्या कडेकडेने विखुरलेले मला आजही दिसतात. त्या उजेडांचा आणि पावसाळ्यात त्याच उतारांवरून वाहत येऊन टाक्यांत साठणाऱ्या पाण्याचा संबंध तेव्हा माझ्या मनात आला नाही. जानेवारी संपता संपता मला ताप आला, अन्नावरची वासना उडाली आणि चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागले. तपासणीत हिपॅटायटिस ई निघाला. डॉक्टरांनी मला गेल्या आठवड्याबद्दल काहीच विचारले नाही. महिना-दीड महिन्यापूर्वी बाहेर कुठे पाणी प्यालात, असे विचारले, कारण या विषाणूची लागण झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात.

ती कावीळ राजगडाच्याच पाण्याने झाली, हे मला सिद्ध करता येणार नाही. त्या दीड महिन्यात मी दोन लग्नांत जेवले होते, एका रसवंतीत बर्फ घातलेला रस प्याले होते. पण सहा आठवडे अंथरुणात काढताना माझ्याजवळ वेळच वेळ होता आणि वेष्टनावरचा तो 0.1 चा आकडा मी पहिल्यांदा नीट समजून घेतला.

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पोट बिघडवणाऱ्या एकपेशीय जीवांपैकी जिआर्डियाचे कोष साधारण दहा मायक्रॉनचे, क्रिप्टोस्पोरिडियमचे चार ते सहा मायक्रॉनचे असतात. जुलाब, विषमज्वर, पटकी यांचे जिवाणू अर्धा मायक्रॉन जाडीचे आणि एक-दोन किंवा थोडे अधिक मायक्रॉन लांबीचे असतात. हे सगळे 0.1 मायक्रॉनच्या छिद्रापाशी अडतात आणि चांगला फिल्टर त्यांना खरोखरच अडवतो. हिपॅटायटिस ए आणि ई यांचे विषाणू मात्र 0.03 मायक्रॉनच्या आसपास असतात, नोरोव्हायरस तेवढाच आणि रोटाव्हायरस 0.07 चा. त्यांच्या दृष्टीने 0.1 मायक्रॉनचे छिद्र म्हणजे सताड उघडा दरवाजा. माझ्या फिल्टरच्या पुस्तिकेत जिवाणू आणि एकपेशीय जीव असे स्पष्ट लिहिले होते. विषाणू हा शब्द कुठेही नव्हता आणि तो नाही, हे माझ्या लक्षात आले नव्हते. त्या फिल्टरने आपले काम चोख केले होते. माझी निवड अपुरी होती.

आतड्यांच्या रोगांचे हे विषाणू मुख्यतः माणसाच्याच विष्ठेतून पाण्यात येतात. जिथे दिवसात चार माणसे फिरकतात अशा रानात त्यांची भीती थोडी असते आणि म्हणूनच अमेरिकेतले लोक त्यांचा फारसा विचार करत नाहीत. आपले गड वस्तीचे आहेत. शनिवार-रविवारी हरिश्चंद्रगडावर किंवा राजमाचीवर जेवढी माणसे असतात, तेवढी एखाद्या वाडीत नसतात, आणि या माणसांसाठी वर शौचालय असेलच असे नाही. खाली उतरल्यावर ओढा कुठल्या तरी वाडीला वळसा घालूनच आलेला असतो. सह्याद्रीत चालणाऱ्याने विषाणूंना हिशेबाबाहेर ठेवून फिल्टर निवडू नये, असे माझे ठाम मत आहे आणि ते मी ज्याला त्याला सांगत असते.

दिल्लीत 1955 च्या डिसेंबरात आणि 1956 च्या जानेवारीत काविळीची मोठी साथ आली होती, तिची हकिकत मी त्याच आजारपणात वाचली. यमुनेतून शहरासाठी जिथे पाणी उचलले जात होते, तिथे मैलापाणी शिरले आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांची पुढे तपासणी झाली तेव्हा ती हिपॅटायटिस ईची साथ होती असे ठरले. त्या वेळी पाण्यात क्लोरीनची मात्रा वाढवलेली होती, त्यामुळे विषमज्वर आणि हगवण यांचे रोगी वाढले नाहीत. कावीळ मात्र पसरली. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो आणि विषाणूपर्यंत पोचेपर्यंत त्याची ताकद उरत नाही. ट्रेकला निघणाऱ्या माणसाच्या कामाचे याहून महत्त्वाचे काही मी वाचलेले नाही. गाळणे आणि मारणे ही दोन वेगळी कामे आहेत, दोन्ही करायची असतात आणि त्यांचा क्रम बदलून चालत नाही.

गाळण्याची सवय आपल्याला नवीन नाही. माझ्या लहानपणी पेठेतल्या आमच्या वाड्यात चौकातल्या नळाला फडके बांधलेले असायचे आणि पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात ते संध्याकाळपर्यंत तांबूस होऊन जायचे. आजोळी विहिरीचे पाणी गढूळ झाले, की आजी रांजणात तुरटीचा खडा फिरवायची. तिच्या आईच्या काळी मातीच्या भांड्याला आतून निवळीचे बी घासत. पाणी निवळते आणि बीही निवळीचे, हा शब्दांचा मेळ मला तेव्हापासून आवडतो. महाराष्ट्रातल्या पायविहिरींच्या गावांत नारू होता, तोही कापडाच्या गाळणीने अडत असे, कारण नारूचा जंत ज्या सायक्लॉप्स नावाच्या पाण्यातल्या बारीक किड्याच्या पोटातून येतो, तो किडा कापडात अडकतो. भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2000 साली जाहीर केले. आज ट्रेकरच्या सॅकला लटकणारी लाइफस्ट्रॉ ही नळी 2005 साली आली, आणि तिचे मूळही आफ्रिकेत नारूच्या निर्मूलनासाठी वाटलेल्या कापडी गाळण्यांत आणि गळ्यात अडकवायच्या पाइपांत आहे. बांगलादेशात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या सुती साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळायला बायकांना शिकवले, तेव्हा त्या गावांत पटकीचे प्रमाण 48 टक्क्यांनी उतरले. 2003 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पटकीचा जिवाणू स्वतः त्या कापडातून सहज जाईल इतका बारीक असतो, पण तो ज्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो, ते प्राणी कापडाला अडकतात.

म्हणून माझ्या सॅकमध्ये पहिला फिल्टर म्हणजे धुऊन धुऊन मऊ झालेला एक जुना पंचा असतो. त्याच्या चार घड्या बाटलीच्या तोंडावर ताणून रबर लावले, की शेवाळ, पालापाचोळा, डासांच्या अळ्या आणि जाड गाळ वरच राहतो. पुढचा महागडा फिल्टर तुंबण्यापासून वाचतो, हा त्याचा सगळ्यांत मोठा उपयोग. पाणी फारच तांबूस असेल, तर मुक्कामी रात्रभर पातेल्यात तुरटी फिरवून ठेवावे आणि सकाळी वरचे निवळ पाणी अलगद ओतून घ्यावे. पहिल्या पावसातल्या ओढ्याचे पाणी थेट पोकळ तंतूंच्या फिल्टरमधून पिळायला गेलेला माणूस दुसऱ्या लिटरलाच घामाघूम होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. नळीने ओढून पाणी प्यायचे फिल्टर सगळ्यांत हलके आणि स्वस्त असतात आणि बहुतेक नवखे तेच घेतात. ओढ्याकाठी पालथे पडून प्यायला ते ठीक आहेत. पण नळीतून एका वेळी एकच माणूस पितो, पुढच्या वाटेसाठी पाणी भरून घेता येत नाही, भातासाठी पातेले भरता येत नाही, आणि मुख्य म्हणजे आपल्याकडचे पाणी टाक्यात असते. मार्च-एप्रिलमध्ये टाक्याची पातळी दहा-पंधरा फूट खाली गेलेली असते. तिथवर कोणतीही नळी पोचत नाही. पिशवी किंवा बाटली पिळून गाळायचा फिल्टर एकट्या-दुकट्याला किंवा चौघांना पुरतो आणि माझी पसंती अजूनही त्यालाच आहे. तो घेताना आपल्याकडे मिळणाऱ्या बाटलीचे आटे त्याला बसतात का, हे दुकानात प्रत्यक्ष फिरवून पाहावे. शीतपेयाच्या जाड बाटल्या बहुधा बसतात, पाण्याच्या पातळ बाटल्यांचा भरवसा नसतो, आणि फिल्टरबरोबर आलेली पिशवी तिसऱ्या-चौथ्या ट्रेकला शिवणीवर फाटली, की हीच बाटली आपला आधार असते. दहा-बारा जणांचा गट असेल तर वर टांगून आपोआप गाळणारी मोठी पिशवी घ्यावी. पायथ्याच्या घरी ओसरीच्या वाशाला ती टांगून ठेवली, की पिठले-भाकरी होईपर्यंत सगळ्यांच्या बाटल्या भरतात आणि कोणाचेही मनगट दुखत नाही.

विषाणूही अडवणारे फिल्टर बाजारात आहेत. त्यांची छिद्रे 0.02 मायक्रॉनपर्यंत बारीक असतात किंवा त्यांत विद्युतभारित माध्यम वापरलेले असते, आणि त्यांना फिल्टर न म्हणता प्युरिफायर म्हणतात. ते जड आहेत, त्यांची किंमत कित्येक पट आहे आणि काहींचे कार्ट्रिज दोन-अडीचशे लिटरनंतर बदलावे लागते. पुण्याहून महिन्यातून एखाद्या रविवारी गडावर जाणाऱ्याला मी ते घ्यायला सांगत नाही. अतिनील किरणांची कांडी स्वच्छ पाण्यात विषाणूंसकट सगळ्यांना निकामी करते, पण पाणी गढूळ असले की किरण आत पोचत नाहीत आणि सेल संपला की कांडीचा काही उपयोग राहत नाही. कोळशाचा, म्हणजे कार्बनचा, थर चव आणि वास सुधारतो, काही रसायनेही शोषून घेतो; जंतूंना त्याचे काही वाटत नाही.

जाहिरातींतल्या एका आकड्याबद्दल मला तळमळीने सांगावेसे वाटते. 99.99 टक्के शुद्ध, असे जवळजवळ प्रत्येक वेष्टनावर असते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1987 साली घालून दिलेल्या कसोटीनुसार अशा उपकरणाने जिवाणू 99.9999 टक्के, विषाणू 99.99 टक्के आणि एकपेशीय जीवांचे कोष 99.9 टक्के कमी करायला हवेत. म्हणजे दहा लाख जिवाणूंतला एकच पलीकडे जाऊ शकतो. वेष्टनावर 99.99 लिहिले असेल आणि ते कशाचे हे लिहिलेले नसेल, तर तेवढ्याच जिवाणूंतले शंभर पलीकडे गेलेले असू शकतात आणि विषाणूंची गोष्टच वेगळी. ऑनलाइन चारशे-पाचशे रुपयांना मिळणाऱ्या बिननावाच्या नळ्यांवर हा आकडा सर्रास असतो. कशाचे, कोणत्या कसोटीने, एवढे दोन प्रश्न विचारून उत्तर मिळाले नाही, तर ती नळी घेऊ नये.

विषाणूंसाठी माझा उपाय साधा आणि स्वस्त आहे. फिल्टरने गाळलेल्या निवळ पाण्यात क्लोरीनची गोळी किंवा थेंब. आपल्या गावांत विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात, घरोघरी मेडिक्लोर या क्लोरीनच्या थेंबांची छोटी बाटली असते. त्यामागचे तत्त्व आणि माझ्या गोळीमागचे तत्त्व एकच. गोळी घेताना ती किती लिटरसाठी आहे, हे पाकिटावर वाचलेच पाहिजे, कारण एका लिटरची आणि वीस लिटरची अशा दोन्ही गोळ्या एकाच दुकानात एकसारख्या पाकिटांत मिळतात. गोळी विरघळल्यावर बाटली हलवून बूच थोडे सैल करावे, बाटली किंचित तिरकी करून ते औषधी पाणी आट्यांवरून झिरपू द्यावे आणि बूच पुन्हा घट्ट लावून अर्धा तास थांबावे. ओठ टेकतात ते आटेच असतात आणि तिथे कच्च्या पाण्याचा एखादा थेंब राहिलेला असतो. क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला दाद देत नाही, पण तो आधीच फिल्टरमध्ये अडकलेला असतो. अशी ही दोघांची जोडी एकमेकांच्या उणिवा भरून काढते.

या जोडीचे आणखी एक कारण आहे आणि ते कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांवर फार मोलाचे आहे. लेप्टोस्पायरोसिसचा जिवाणू मळसूत्रासारखा लांब असतो, पण जाडीला जेमतेम 0.1 मायक्रॉन, आणि 0.2 मायक्रॉनच्या गाळणीतून तो वळवळत पार होतो. प्रयोगशाळेत त्याला इतर जिवाणूंपासून वेगळे काढण्यासाठी याच गुणाचा उपयोग करतात. उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्रातून तो साचलेल्या पाण्यात येतो. मुख्यतः तो पायाच्या जखमांतून आणि डोळ्या-नाकातून शिरतो, हे खरे, तरी म्हशी डुंबतात त्या पाण्याला केवळ 0.2 ची नळी लावून मी निश्चिंत बसणार नाही. क्लोरीनने तो मरतो.

उकळणे या सगळ्यांहून वरचढ आहे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते, आणि दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे उकळावे असे सांगतात. आपले कळसूबाई 1646 मीटर आहे, त्यामुळे सह्याद्रीत एक मिनिटाचाच हिशेब. मुक्कामी संध्याकाळी चहाबरोबर उद्याचे दोन लिटर पाणी उकळून ठेवणे मला जमते. भर दुपारी धारेवर, तोंडाला कोरड पडलेली असताना, ते जमत नाही. सासूबाईंना त्या दिवशी मी नको म्हटले, त्याचे कारण हेच होते. त्या फिल्टरने कॅम्पिलोबॅक्टर बहुतांशी अडला असता, नोरोव्हायरस अडला नसता, आणि ओट्यावर गॅस असताना अर्ध्या बंदोबस्तावर घरातल्या सत्तरीच्या माणसाला ठेवणे मला पटले नाही.

रसायनांपुढे मात्र यांतल्या कशाचाच भरवसा धरता येत नाही. फवारणी झालेल्या शेतातून आलेले पाणी, कारखान्याखालून वाहणारी नदी किंवा उन्हाळ्यात हिरवी साय धरलेले तळे यांना उकळणे, गाळणे, गोळी यांपैकी कोणताही इलाज नाही. पवनेच्या काठी तंबूत राहायला जाणाऱ्यांना मी सरळ गावातून पाण्याचा जार घ्यायला सांगते.

प्रत्यक्ष गडावर फिल्टर वापरताना ज्या गोष्टी अडवतात, त्या कोणत्याही पुस्तिकेत नसतात. टाक्याच्या कातळात खोदलेल्या पायरीवर बसून मी पहिल्यांदा पिशवी भरायला गेले, तेव्हा ती भरेचना. वाहत्या पाण्यात ती आपोआप फुगते. टाक्याच्या स्थिर पाण्यात चपटीच राहते. पाण्यावर पाणनिवळ्या धावत होत्या, वर हिरवट तवंग होता आणि मी पिशवीचे तोंड कधी तिरपे, कधी सरळ धरत होते, त्यात तवंगच आत जात होता. तेव्हापासून तळ कापलेली अर्ध्या लिटरची एक बाटली माझ्याजवळ असते. तिने तवंग बाजूला सारायचा, वीतभर खालचे पाणी उचलायचे आणि नरसाळ्यासारखे पिशवीत ओतायचे. तिच्याबरोबर वीस फूट नायलॉनची दोरी आणि पोहऱ्याचे काम करणारी स्टीलची लहान बरणी असते. पिशवी पिळताना बाहेरून ओघळणारा कच्च्या पाण्याचा थेंब खालच्या स्वच्छ बाटलीत पडतो. म्हणून फिल्टरच्या मानेभोवती रुमालाची गुंडाळी करते. आट्यांच्या आत एक काळा रबरी वॉशर असतो. तो एकदा सुवेळा माचीच्या गवतात पडला, अर्धा तास शोधूनही सापडला नाही, आणि वॉशर नसलेला फिल्टर जोडातून थेंब थेंब गळत राहिला. घरी आल्यावर नळाच्या सामानाच्या दुकानातून त्या मापाचे चार वॉशर दहा रुपयांत मिळाले; दोन नेहमी प्रथमोपचाराच्या पेटीत असतात. त्याच पेटीत साबणाचा तुकडाही असतो, कारण ज्या हाताने कच्च्या पाण्याची पिशवी पिळली, त्याच हाताने आपण भाकरी मोडतो.

घरी परतल्यावर पिचकारीने उलट्या दिशेने पाणी मारून आतला गाळ काढावा लागतो. पहिल्या दोन पिचकाऱ्यांना बाहेर येणारे पाणी चहासारखे तांबडे असते, सहाव्या-सातव्याला स्वच्छ येते. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचे जड पाणी येते, त्याने धुऊन वाळवलेला फिल्टर क्षारांनी कडक होतो. तेव्हा तो व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवला की मोकळा होतो. शेवटी क्लोरीनच्या पाण्याने भरून, झटकून, सावलीत पूर्ण वाळवावा. मे महिन्यात पुण्यातून हिमालयात जाणाऱ्यांनी एक गोष्ट कधीही विसरू नये. एकदा ओला झालेला असा फिल्टर रात्री गोठला, तर आतले तंतू तडकतात, बाहेरून काहीच दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी पाणी उलट अधिक झपाट्याने येते. तिथे तो रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, आपल्या अंगाशी ठेवावा. शंका आली तर ओल्या फिल्टरच्या स्वच्छ बाजूने फुंकून पाहावे. ओल्या, धड पडद्यातून आपल्या तोंडाची हवा पलीकडे जात नाही. गेली, बुडबुडे आले, तर तो फिल्टर तिथेच निकालात काढावा, मग त्याला कितीही पैसे पडलेले असोत.

यंदाच्या मार्चमध्ये मी भावाच्या मुलीला घेऊन पुन्हा राजगडावर गेले. तिने पहिल्या पगारातून घेतलेली निळी नळी सॅकच्या पट्ट्याला अडकवलेली होती आणि कधी एकदा ती वापरून पाहते, असे तिला झाले होते. माचीवर नेहमीच्या ताकवाल्या मावशी पदराने वारा घेत सावलीत बसल्या होत्या. आम्ही ताक घेतले.

“मावशी, आता प्यायला कुठल्या टाक्याचं पाणी नेता?”

“त्या कडंच्याचं नगा घेऊ, ताई. तिथं लोकं ताटल्या धुत्यात, खरकटं टाकत्यात. ह्या आतल्याचं घ्या. पर लई खाली गेलंय. दोर हाय का?”

भाचीने टाक्याच्या काठावर ओणवे होऊन आत पाहिले. अंधारात खाली कुठेतरी आभाळाचा एक तुकडा हलत होता. तिने निळी नळी सॅकच्या पट्ट्यावरून सोडवून कप्प्यात ठेवली.

“आत्या, दोरी दे,” ती म्हणाली, आणि मी बरणीच्या कडीला गाठ मारून दुसरे टोक तिच्या हातात दिले.